अनुभव धागा: शहरातलं म्हातारपण आणि एकट्याने बाहेर पडणं

गेल्या महिन्यात बाबा (वय ७९, कोथरूड) मला म्हणाले, "बँकेत तू येशील तेव्हा जाऊ, घाई नाही." वर्षापूर्वी हेच बाबा रोज सकाळी चालत जाऊन दूध आणि पेपर आणायचे. पाय चांगले आहेत, नजर चांगली आहे. मध्यंतरी आमच्या गल्लीत खोदकाम झालं आणि फूटपाथवरचे पेव्हर ब्लॉक वरखाली बसले. दोनदा ठेच लागली, एकदा पडता पडता वाचले, आणि त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. पेन्शन आहे, औषधं वेळेवर आहेत, मी आहे. तरी चेहरा उतरलाय. कोणाला न विचारता घराबाहेर पडता येतं की नाही, यावरच म्हाताऱ्या माणसाचा दिवस ठरतो असं मला आता वाटतं. तुमचं काय? स्वतःचं लिहा, घरातल्यांचं लिहा. सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

डोंबिवली
आमची इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. ५४ पायऱ्या. हा आकडा सासूबाईंचा, त्या मोजत उतरतात. वय ७६. गुडघे धरल्यापासून भाजी, देऊळ, भिशी सगळं एका फेरीत उरकायचं. कोथिंबीर विसरली तर विसरली, परत कोण उतरणार! मग यांनी दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. सासूबाई वर येताना तिथे टेकतात. पिशवी मांडीवर, पदराने मान पुसतात, समोरच्या दारातली तुळस बघतात. धाप बसली की उरलेल्या १८. आठवड्याला दोनदा उतरायच्या, आता चारदा उतरतात. एका खुर्चीने एवढं केलं.

गिरगाव, वय ७१
संकोच वाटतो, पण लिहितो. प्रोस्टेटचा त्रास सुरू झाल्यापासून माझं शहर लहान झालं. दादरला जायचं तर सकाळचा चहा टाळतो. कुठल्या स्टेशनवर स्वच्छतागृह कोणत्या टोकाला आहे आणि कुठल्याला कुलूप असतं, हे मला पाठ आहे. पण माझी बायको तर निघण्याआधी दोन तास पाणीच पीत नाही. उन्हाळ्यात तिला चक्कर आली ती यामुळेच, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं. मला तिने कधी सांगितलं नव्हतं. रस्ते, मेट्रो, पूल सगळं होतंय. बायकांना जाता येईल असं स्वच्छ, उघडं स्वच्छतागृह चालण्याच्या अंतरावर असणं हीही तेवढीच मोठी गोष्ट आहे.

नाशिक
२०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. आमचे आजोबा आधार कार्ड खिशात घालून सिन्नरला आत्याकडे एकटे जातात, पैसे मागावे लागत नाहीत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली. आजीला ५० टक्के मिळायची. पंढरपूरला रेल्वेने जायचं म्हटलं की ती आता आधी तिकीट विचारते आणि गप्प बसते.

ठाणे
नोव्हेंबरचा हयातीचा दाखला. आईला केंद्र सरकारची फॅमिली पेन्शन आहे. मशीनवर अंगठा उमटेना. आयुष्यभर भांडी घासून रेषाच उरल्या नाहीत. चार वेळा पुसून ठेवला, पाचव्यांदा काउंटरवरचा मुलगा वैतागला. आई मला हळूच म्हणाली, "मी आहे ना समोर?" ते वाक्य जात नाही डोक्यातून. पुढच्या वर्षी घरीच मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढला, पाच मिनिटांत. ही सोय २०२१ पासूनच आहे. आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

न्यू जर्सी (आईवडील पुण्यात)
काळजीपोटी हॉलमध्ये कॅमेरा लावला होता. एक दिवस बघतो तर तो भिंतीकडे वळवलेला. बाबांना फोन केला. म्हणाले, "तुला बघावंसं वाटलं की फोन कर, मी बोलतो." आता रोज करतो.

सदाशिव पेठ, वय ८१
पत्नी गेल्यावर चार महिने मी घरात होतो. शेजारच्या काकांनी बळेच ज्येष्ठ नागरिक संघात नेलं. संध्याकाळी बागेत बसतो. मध्यंतरी तापाने दोन दिवस गेलो नाही तर तिसऱ्या दिवशी तिघे जण दारात उभे, एकाच्या हातात पेजेचा डबा. बाग सुरेख आहे, पण नव्या बाकांना ना पाठ, ना हात. बसता येतं, उठताना दुसऱ्याचा खांदा लागतो. महापालिकेला अर्ज दिलाय.

कोथरूड (धागाकर्ती)
डोंबिवलीच्या ताई, जिन्यात खुर्ची ठेवायला सोसायटीने हरकत घेतली नाही?

डोंबिवली
घेतली होती, येण्याजाण्याच्या वाटेत येते म्हणून. मग यांनी घडीची आणून भिंतीला खिळ्यावर टांगली. आता चौथ्या मजल्यावरचे काकाही तीच काढून बसतात, आणि आठवणीने परत टांगतात.