बाबांसाठी पोर्टेबल सीडी प्लेअर: जुना घ्यावा की नवा? (बजेट ४०००)

मुलुंडकरीण:
नमस्कार मंडळी. बाबा ७३ वर्षांचे. त्यांच्याकडे शास्त्रीय गायनाच्या दीडएकशे सीड्या आहेत. किशोरीताई, भीमसेनजी, कुमारजी, सगळे बुटांच्या खोक्यांत रागवार लावलेले. म्युझिक सिस्टिमने गेल्या पावसाळ्यात मान टाकली. हॉलमध्ये आईच्या मालिका चालू असतात, त्यामुळे गॅलरीत खुर्ची टाकून हेडफोनवर ऐकता येईल असा छोटा प्लेअर हवाय. चोर बाजारात जुने डिस्कमन मिळतात म्हणे, ऑनलाइन नवेही दिसतात. आवाज कुठल्याचा चांगला? हेडफोन आहेत. बजेट ४०००, त्याच्या वर नाही. आणि कृपया "फोनवर ऐकवा" नको, तो प्रयोग करून झालाय.

गिरगावचा_बंड्या:
जुना. डोळे मिटून जुना. माझा १९९१चा, मामाने दुबईहून आणलेला, अजून खणखणीत वाजतो. हातात घेतला की वजन कळतं. आताचे म्हणजे साबणाची डबी. तेव्हा हेडफोनला दणकून ताकद द्यायचे. पुढे दोन पेन्सिल सेलवर जास्तीत जास्त तास चालवायची चढाओढ लागली आणि आवाजाचा जीव गेला.

डेसिबल_देशपांडे:
जुन्याच्या भानगडीत पडू नका. सरळ फिओचा डीएम१३ घ्या. आत सिरस लॉजिकच्या सीएस४३१९८ या दोन डॅक चिप (डिस्कवरच्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या) आहेत, साध्या ३.५ मिमीबरोबर ४.४चं बॅलन्स्ड आउटपुट (दोन्ही कानांना स्वतंत्र जोडणी) आहे, ब्लूटूथ आहे. मी घेतलाय. तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या मोजता येतात.

मुलुंडकरीण:
काका, बजेट ४००० आहे हो.

डेसिबल_देशपांडे:
एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं एवढंच म्हणतो. शिवाय ४.४वर ऐकायचं तर त्या पिनेचे हेडफोन लागतील, ते वेगळे.

फोडणीचा_भात:
फोनवर काय वाईट आहे पण?

सुलूमावशी:
मी मागच्या दिवाळीत ऑनलाइन २६००चा नवा घेतला. नाव लिहीत नाही. चार्जिंग आहे, स्क्रीन आहे, सगळं आहे. पण गाणं थांबवलं तरी कानात "सुंऽऽऽ". विलंबित ख्यालात गायक दम घेतो तेव्हा तर गिरणीच्या बाजूला बसल्यासारखं वाटतं. शिवाय विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे दुसरा ट्रॅक आहे, तर मध्ये ठेच लागते. तबला हवेत लटकतो. परत करायला गेले तर मुदत उलटली होती.

चाळीतला_इंजिनिअर:
जरा सविस्तर लिहितो. जुना-नवा असं सरसकट बोलण्यात अर्थ नाही, तीन काळ आहेत. १९८४ला सोनीचा डी-५० आला. तिथपासून ९०-९१पर्यंतच्या यंत्रांत अँटिशॉक नव्हतं. धक्का बसला की गाणं अडखळायचं, पण डिस्कवरचं जसंच्या तसं बाहेर यायचं. मग अँटिशॉक आलं, म्हणजे पुढचं गाणं काही सेकंद आधीच वाचून मेमरीत साठवून ठेवायचं. आता गणित करा. ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला १४ लाखांच्या वर बिट. ४० सेकंद साठवायचे तर साधारण ७ एमबी मेमरी लागते आणि तेव्हा मेमरी महाग. म्हणून बऱ्याच कंपन्यांनी आवाज दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून साठवला. "नव्वदीतले शेवटचे प्लेअर सपाट वाजतात" असं लोक म्हणतात त्यामागे बऱ्याचदा हे असतं. बाबा गॅलरीत बसून ऐकणार, विरार फास्टमध्ये नाही. तेव्हा अँटिशॉकचं बटण असेल तर बंद ठेवा. सगळ्यांत बंद करता येतंच असं नाही, घेताना बघा.
तिसरा काळ आत्ताचा. चांगल्या नव्यात मेमरीचा प्रश्न उरला नाही. स्वस्त नव्यात घोटाळा चिपपेक्षा हेडफोनच्या अँप्लिफायरचा असतो. मावशींची "सुंऽऽऽ" ती हीच.

गिरगावचा_बंड्या:
मी तेच म्हटलं. जुना.

चाळीतला_इंजिनिअर:
पूर्ण वाचा हो. जुन्यात लेझर म्हातारा झालेला असतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून दुकानात पहिलं गाणं वाजवून खूश होऊ नका. सत्तर मिनिटांची डिस्क न्या आणि शेवटचा ट्रॅक लावा. तिथे अडखळला तर ठेवून द्या. घरी कॉपी केलेल्या डिस्क असतील तर त्याही न्या, जुन्या लेझरला त्या जड जातात. आणि ८०च्या शेवटच्या यंत्रांतले कपॅसिटर गळतात. मी एकाला सोल्डरिंग गन लावली तर सुक्या बोंबलाचा वास सुटला. बायकोने घराबाहेर काढलं, यंत्राला आणि मला.

कडीपत्ता:
जुनाच घ्या. +१

लोकल_८_१४:
जुना घ्या पण अ‍ॅडॉप्टर बघून. माझा ४.५ व्होल्टचा होता, मी ड्रॉवरमधला ९चा लावला. एक बारीक "टिक" आणि खेळ खलास. पिनेचं आतलं टोक धन की ऋण हेही प्रत्येकाचं वेगळं असतं, मागे चित्र काढलेलं असतं. मला ते नंतर दिसलं. दुरुस्तीला लॅमिंग्टन रोडला तीन दुकानं फिरलो, तिघांनी हात जोडले.

मराठी_पाटी:
लॅमिंग्टन रोड नव्हे, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग.

लोकल_८_१४:
टॅक्सीवाल्याला सांगून बघा.

मराठी_पाटी:
आपणच नाही म्हटलं तर तो कसा म्हणेल?

(या विषयावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. - संपादक)

स्वरलुब्ध:
अवांतर: काळा घोड्याच्या र्‍हिदम हाउस या सीडीच्या दुकानात, ऐकायच्या बूथमध्ये उभं राहून अख्खा राग ऐकून सीडी न घेता निघायचो. २०१६ला बंद झालं तेव्हा पाप लागल्यासारखं वाटलं.
मुद्द्याचं: आवाजातला निम्मा फरक डिस्कचा असतो. जुनं ध्वनिमुद्रण पुन्हा काढताना मोठं करून काढतात, त्यात षड्ज आणि कुजबुज एकाच उंचीवर येतात. दोन प्लेअर ताडून बघायचे तर डिस्क तीच, हेडफोन तेच आणि आवाजाची पातळी सारखी ठेवा. थोडा मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो. दुकानदाराला हे माहीत असतं.

फोडणीचा_भात:
लॅपटॉपवर सगळ्या सीड्या रिप करा, म्हणजे फाइली करून उतरवून घ्या, फोनला हेडफोनचं डाँगल लावा, चारशेत काम.

मुलुंडकरीण:
त्यांना खोक्यातून स्वतः डिस्क काढायची असते. पुसायची असते. आतली पुस्तिका वाचायची असते, पाठ आहे तरी.

डॉ_कानसेन:
कुणाला राग येऊ नये. सत्तरीनंतर वरच्या पट्टीचं ऐकू येणं बऱ्यापैकी कमी झालेलं असतं. इथे चर्चा चाललीय ते अर्ध्याहून अधिक बाबांच्या कानापर्यंत पोहोचणारच नाही. मोठी बटणं बघा.

डेसिबल_देशपांडे:
म्हणूनच डीएम१३.

मुलुंडकरीण:
अपडेट देते. शुक्रवारी पहाटे चोर बाजारात रस्त्यावर पसारा मांडतात तिथे गेले, बाबा हट्टाने सोबत. एक जुना मिळाला, राखाडी रंगाचा, १८०० सांगितले, १३००ला तयार झाला. सुलूमावशींसारखाच एक नवा शेजारच्या काकूंकडून मागून नेला होता. डिस्क एक, हेडफोन एक, आवाज कानाने जुळवला, फूटपाथवर उकिडवं बसून. खरं सांगते, जुना चांगलाच होता. तानपुरा मागे शांत पसरलेला, तबल्याच्या बायाँची घुमक पोटात लागत होती. नव्यात तेच सगळं एका रांगेत उभं केल्यासारखं, वर ती सुंऽऽऽ. जुन्यावर शेवटचा ट्रॅकही लावला, एकदाच अडखळला.
बाबांनी नवा घेतला. म्हणजे तसलाच, घरी येऊन ऑनलाइन मागवला, २७५०. कारण त्याचं झाकण पारदर्शक आहे, डिस्क फिरताना दिसते. मी सुंऽऽऽ बद्दल म्हटलं तर म्हणाले, "मैफलीत पंखा चालू असतो, तेव्हा कुणी उठून जातं का?"
सगळ्यांचे आभार.

सुलूमावशी:
मी सांगितलं होतं घेऊ नका म्हणून.

गिरगावचा_बंड्या:
तो राखाडी कुठल्या टोकाला होता? गोल देवळाकडून शिरलं की डावीकडे का उजवीकडे? अडखळला तरी चालेल.