मदत हवी आहे: स्फॅलेराइटमधलं इंडियम मूळचं की नंतर आलेलं?

जस्त-तांबं-कथील असलेल्या बहुधात्विक शिरेतल्या स्फॅलेराइटवर (जस्ताचं सल्फाइड खनिज) काम करतेय; त्यात इंडियम हा दुर्मीळ धातू सापडतोय. एकाच स्फटिकात गाभा फिकट, त्यात इंडियम जेमतेम; भेगांलगतचा पट्टा मात्र काळपट आणि इंडियमने भरलेला. तांबं आणि इंडियम अणुसंख्येत जवळपास १:१ वाढतात, म्हणजे दोन जस्तांच्या जागी Cu⁺ आणि In³⁺ जोडीने बसलेत असं मी धरतेय.

चाल्कोपायराइटचे (तांबं-लोखंडाचं सल्फाइड) बारीक ठिपके टाळूनच लेझर अ‍ॅब्लेशन (लेझरने कण उडवून मूलद्रव्यं मोजणं) केलंय, सिग्नल सपाट आहे, म्हणजे मध्येच दुसरं खनिज लागलेलं दिसत नाही. मायक्रोप्रोबखाली (इलेक्ट्रॉन झोताने रासायनिक घटक मोजणारं उपकरण) रोक्वेसाइट, म्हणजे तांबं-इंडियमचं वेगळं सल्फाइड खनिज, कुठेच दिसलं नाही. शेजारच्या क्वार्ट्झमधल्या द्रव-समावेशांची (स्फटिकात अडकलेले जुन्या द्रवाचे थेंब) तापमानं मोजली, पण ते क्वार्ट्झ स्फॅलेराइटच्याच वेळचं आहे याची खात्री नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवत नाही. काळ्या पट्ट्यातून साधा प्रकाश जात नाही आणि इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शक उपलब्ध नाही, त्यामुळे स्फॅलेराइटमधलेच द्रव-समावेश पाहता येत नाहीत. उरलेत फक्त पॉलिश केलेले छेद.

अडलंय ते इथे: इंडियम क्लोराइड संयुगांतून घेऊन आलेल्या नव्या, तांबं-कथीलयुक्त उष्ण द्रवाने हा पट्टा घडवला, की नंतरच्या द्रवाने जुनंच स्फॅलेराइट विरघळवून त्यातलंच इंडियम भेगांपाशी गोळा केलं? केवळ छेदांतली पोत आणि सूक्ष्ममूलद्रव्यं पाहून या दोन्हींत फरक करायचा, तर नेमका कोणता पुरावा शोधू?