यूएसबी स्पीकरमधील अँप्लिफायर तापत कसा नाही?

खटपट्या:
संगणकासाठी घेतलेली स्वस्त स्पीकरची जोडी मी उघडून पाहिली. ती यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते आणि आवाज हेडफोनच्या पिनेतून घेते. आत बोटभर लांबीच्या पट्टीवर १६ पायांची एक आयसी, आवाजाचे बटण आणि काही कपॅसिटर एवढेच आहे. ट्रान्सफॉर्मर नाही, हीटसिंकही नाही. आयसीवर पीएएम ८४०३ आणि स्पीकरच्या चुंबकामागे ४ ओहम, ३ वॅट असे छापलेले आहे. माझ्या जुन्या संचातील टीडीए २०३० ही आयसी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली असूनही चटका बसेल इतकी तापत असे. मग ही थंड कशी राहते? ५ व्होल्टमधून प्रत्येक बाजूला ३ वॅट खरोखर मिळतात का? शिवाय लॅपटॉपला जोडल्यावर बारीक चिरचिर ऐकू येते आणि माऊस हलवला की तिचा सूर बदलतो, ते कशामुळे?

दोलक:
पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. टीडीए २०३० ही एबी वर्गातील आयसी आहे. तिच्यातील ट्रान्झिस्टर बहुतेक वेळ अर्धवट उघडे असतात. म्हणजे पुरवठ्याचे व्होल्ट आणि त्या क्षणी स्पीकरला हवे असलेले व्होल्ट यांतील फरक ट्रान्झिस्टरला स्वतःवर झेलावा लागतो, आणि स्पीकरचा सगळा प्रवाहही त्याच्यातूनच जात असल्याने या दोहोंच्या गुणाकाराइतकी उष्णता निर्माण होते. एबी वर्ग ज्याच्या जवळचा आहे त्या बी वर्गाची आदर्श कार्यक्षमता पूर्ण आवाजातही ७८.५ टक्क्यांपुढे जात नाही, आणि आपण एरवी ऐकतो त्या मध्यम आवाजात ती बरीच घसरते.

पीएएम ८४०३ डी वर्गातील आहे. येणाऱ्या संकेताची तुलना ती आतच तयार होणाऱ्या एका त्रिकोणी लहरीशी सेकंदाला सुमारे अडीच लाख वेळा करते आणि त्या तुलनेतून कमी-अधिक रुंदीचे स्पंद निघतात. ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण बंद असतो, तेव्हा प्रवाह नसतो. किंवा पूर्ण चालू असतो, तेव्हा त्याच्यावर व्होल्ट जवळजवळ उरत नाहीत. दोन्ही स्थितींत गुणाकार अल्पच राहतो. अडीच लाखांची ती थरथर स्पीकरच्या गुंडाळीच्या प्रेरकत्वामुळे (प्रवाहातील झपाट्याच्या बदलाला विरोध करण्याच्या गुणामुळे) बोथट होते, पडदा तिच्यामागे धावू शकत नाही आणि आपले कान तर मुळीच नाही, त्यामुळे स्पंदांची सरासरी तेवढी ऐकू येते. पूर्वी अशा मंडलात बाहेरून गुंडाळी आणि कपॅसिटर जोडावे लागत. इथे स्पीकरची तार आखूड असल्याने निर्माता तो खर्च वाचवतो.

मापपट्टी:
वॅटचा हिशेब सोपा आहे. स्पीकरचे एक टोक जमिनीला (ग्राउंडला, म्हणजे पुरवठ्याच्या शून्य व्होल्टच्या तारेला) जोडले असते तर ५ व्होल्टमध्ये लहरीची उंची फार तर अडीच व्होल्ट झाली असती आणि ४ ओहमवर पाऊण वॅटच्या आसपास शक्ती मिळाली असती. म्हणून ही आयसी स्पीकरची दोन्ही टोके उलट दिशांनी हलवते. व्होल्ट दुप्पट, शक्ती चौपट, म्हणजे गणिताने ३.१ वॅट. माहितीपत्रकातील ३ वॅट हा आकडा १० टक्के विकृती (लहरीच्या आकारातील बिघाड) गृहीत धरून दिलेला आहे. तेवढ्या आवाजात गाणे फाटलेलेच ऐकू येते.

दुसरी मर्यादा लॅपटॉपची. जुन्या यूएसबी २.० खोबणीची हमी ५०० मिलिअँपिअरची, म्हणजे अडीच वॅटची; दोन्ही बाजूंचे मिळून ६ वॅट सतत यायचे कुठून? संगीताची सरासरी शक्ती शिखरांपेक्षा खूपच कमी असते आणि क्षणिक ठोक्यांना पुरवठ्यावरचा कपॅसिटर हातभार लावतो, म्हणून एवढ्यात भागते. खोक्यावर पीएमपीओ (क्षणिक शिखरशक्ती) म्हणून शेकडो वॅट छापलेले असतील तर तिकडे लक्षच देऊ नये. त्या आकड्याला मापनाची सर्वमान्य पद्धत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र करून जमिनीला जोडण्याची जुनी सवय इथे चालत नाही, कारण या आयसीत स्पीकरची दोन्ही टोके जिवंत असतात आणि तसे केल्यास ती जळू शकते.

दोलक:
चिरचिरीबद्दल: तुमची यूएसबी आणि आवाजाची पिन दोन्ही एकाच लॅपटॉपमध्ये आहेत, त्यामुळे जमिनीची तार दोन वाटांनी जोडली जाऊन वेटोळे तयार होते. स्पीकरचा काही प्रवाह आवाजाच्या तारेतून परततो आणि लॅपटॉपच्या आतला गोंगाट संकेतात मिसळतो. यूएसबीची तार पॉवर बँकेला लावून पाहा, पिन तशीच राहू द्या.

खटपट्या:
पॉवर बँकेवर चिरचिर पूर्ण थांबली. परंतु ती रोज वापरणे सोयीचे नाही. दुसरा काही उपाय आहे का?

दोलक:
आवाजाच्या तारेत लहान ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर बसवा, म्हणजे जमिनीची ती दुसरी वाट तुटेल. तो आयता मिळतो. अगदी स्वस्त प्रकारात खालचे सूर थोडे दबतात, पण तीन इंची स्पीकर मुळातच ते फारसे देत नाही.