मदत हवी आहे: १६ के स्पेक्ट्रमची मेमरी ४८ के करण्याबाबत

नमस्कार. माझ्याकडे १९८२ साली बाजारात आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचे १६ के (किलोबाइट) मॉडेल असून, त्याच्या बोर्डावरील वाढीव ३२ के मेमरीचे आठही सॉकेट रिकामे आहेत. मूळच्या ४५३२ चिप, म्हणजे अर्धा भाग सदोष निघालेल्या ६४ किलोबिट चिप, मला मिळाल्या नाहीत. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ४१६४, म्हणजे पूर्ण ६४ किलोबिटच्या चिप, घेण्याचा विचार आहे. परंतु स्पेक्ट्रमचा झेड८० प्रोसेसर रिफ्रेशसाठी (मेमरीतील माहिती पुसली जाऊ नये म्हणून ती सतत ताजी करण्यासाठी) सातच बिट, म्हणजे १२८ ओळींचे पत्ते पुरवतो आणि काही ४१६४ चिपना २५६ ओळींचे रिफ्रेश लागते. दुकानात मात्र सगळ्या सारख्याच म्हणून पुढे केल्या जातात. १२८ ओळींवर भागणारी चिप वरच्या छपाईवरून कशी ओळखावी? शिवाय मेमरीला पत्ते निवडून देणाऱ्या ७४एलएस१५७ चिप जुन्या एलएस मालिकेतल्याच बसवाव्यात, की नव्या एचसीटी मालिकेतील चालतील? अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.