घरी रुग्णसेवा देणाऱ्या ब्युरोचा दर्जा कशावरून ठरवावा?

ओसरी (पुणे)

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि गेल्या १४ महिन्यांत आम्ही तीन ब्युरो बदलले. या अनुभवातून माझे एक मत बनले आहे, ते सर्वांना पटेलच असे नाही: घरी येणारी मावशी किती प्रेमळ आहे, यावरून ब्युरोचा दर्जा ठरवू नये. चांगली मावशी मिळणे हे आपले नशीब असते. ब्युरोची खरी परीक्षा होते ती मावशी ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी.

दुसऱ्या ब्युरोकडून आलेली मावशी खरोखर मायेची होती. ती गावी गेली आणि बदलीवर एक तरुण मुलगी आली. दर दोन तासांनी बाबांची कूस बदलायची असते, हे तिला कोणीही सांगितलेले नव्हते. अकराव्या दिवशी बाबांची पाठ पुसताना माकडहाडापाशी मला रुपयाच्या नाण्याएवढी जखम दिसली. मी नोंदवही उघडली. अकराही दिवसांच्या पानांवर एकाच शाईत, एका बैठकीत लिहून काढल्यासारखे, ‘पेशंट ओके, जेवण झाले, औषध दिले’ एवढेच होते. कूस बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. खाली सुपरवायझरची सही मात्र होती, आणि तो गृहस्थ त्या दिवसांत आमच्या घराची पायरीही चढला नव्हता.

तेव्हापासून मी कोणत्याही ब्युरोला तीन गोष्टी विचारते. बदलीवर येणारी व्यक्ती आधीच्या व्यक्तीबरोबर काही तास थांबून काम समजून घेईल का? सुपरवायझर न कळवता येईल का आणि आल्यावर रुग्णाची पाठ पाहील का? रात्री दोन वाजता काही बिघडले तर फोन कोण उचलेल? उत्तरे लेखी मागितली की बहुतेकांचा सूर बदलतो. हे निकष योग्य आहेत का, याबद्दल इतरांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

निवडुंग (नाशिक)

मी नऊ वर्षांपासून लहानसा ब्युरो चालवतो. आपल्या वडिलांना जे सोसावे लागले त्याचे मनापासून वाईट वाटते, आणि न येता केलेल्या सहीचे समर्थन मी करणार नाही. तरीही आपले निकष एकतर्फी आहेत असे मला वाटते.

बारा तासांच्या ड्यूटीचे मी ८५० रुपये घेतो आणि त्यातले ६५० बाईच्या हातात पडतात. उरलेल्या २०० रुपयांत ऑफिसचे भाडे, पोलीस पडताळणीसाठीची धावपळ आणि ऐनवेळी बदली शोधणे हे सगळे बसवायचे असते. दुसऱ्या बाजूला, कुटुंबे दर ठरवतात तो आयाचा आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडून नळीतून आहार देणे, इन्सुलिन टोचणे आणि वर घरची भांडी घासणे अशी कामे करून घेतात. आहाराची नळी, इंजेक्शन आणि कॅथेटर (लघवीची नळी) यांसाठी एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम झालेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली सिस्टर लागते आणि तिचा दर वेगळा असतो, हे सांगितले की समोरून फोन ठेवला जातो.

माझा निकष असा आहे की पहिल्याच फोनवर ब्युरो रुग्णाबद्दल किती विचारतो ते पाहावे. वजन किती, बसता येते का, गिळता येते का, रात्री किती वेळा उठवावे लागते, हे न विचारता जो ‘उद्या आठला पाठवतो’ म्हणतो, त्याच्याकडून माणूस घेऊच नये. मात्र या प्रश्नांची खरी उत्तरे देणे हे कुटुंबाचेही काम आहे.

सातासमुद्रापार (लेस्टर, इंग्लंड)

आपण दोघेही सगळा भार ग्राहकाच्या चौकसपणावर टाकत आहात, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. माझी आई मिरजेत एकटी राहते. मी इथून कितीही प्रश्न विचारले, तरी मिळालेले उत्तर खरे की खोटे हे तपासायला माझ्याकडे काहीही साधन नाही.

इंग्लंडमध्ये घरी जाऊन आंघोळ घालणे, कपडे बदलणे, भरवणे अशी सेवा देणाऱ्या संस्थेला २००९ पासून काम करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशन या आयोगाकडे नोंदणी करावीच लागते. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीने दिली जाते का, गरजेप्रमाणे बदलते का आणि संस्थेचा कारभार नीट आहे का, या पाच प्रश्नांवर संस्थेला चारपैकी एक श्रेणी मिळते आणि अहवाल कोणालाही वाचता येतो. त्या आयोगातही उणिवा आहेत. अनेक संस्थांची तपासणी वर्षानुवर्षे झालेली नाही, अशी त्याच्यावर २०२४ मध्ये कडक टीका झाली. तरीही वाचायला काहीतरी असते.

आपल्याकडे सोसायटीच्या फाटकावर रक्षक पुरवणाऱ्या खासगी संस्थेला २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागतो. माझ्या आईच्या खोलीत रात्रभर बसणारी व्यक्ती पुरवणाऱ्या ब्युरोकडे मात्र बहुधा दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी तेवढी असते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून अशा संस्थांची नोंदणी बंधनकारक करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, पण ते संमत झाले नाही. परवाना आणि तपासणी येत नाही तोवर दर्जाबद्दलचे बोलणे अंदाजपंचेच राहणार.

कडुलिंब (सांगली)

मी सरकारी रुग्णालयात ३४ वर्षे परिचारिका होते, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. वही खोटी लिहिता येते, हे ओसरी यांनी स्वतःच अनुभवले आहे. परवान्यासाठी दाखवायची वहीही तशीच लिहिली जाईल. शरीराला मात्र खोटे बोलता येत नाही, त्यामुळे दर्जा पाहायचा तो रुग्णाच्या अंगावर.

रविवारी सकाळी पाच मिनिटे काढा. टाचा, माकडहाड आणि खुबे उजेडात पाहा. लाल डाग दिसला तर अंगठ्याने दाबून सोडा. दाबल्यावर तो क्षणभर फिका पडला नाही, तर जखमेची सुरुवात झाली आहे असे समजा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही, म्हणून हाताच्या पाठीने आजूबाजूपेक्षा ती जागा गरम किंवा कडक लागते का ते तपासा. जिभेवर पांढरा थर आहे का, नखांत मळ आहे का, लघवीची पिशवी कंबरेच्या खाली टांगली आहे की गादीवरच ठेवली आहे, हे पाहा. नळीतून आहार देताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवली जाते का, हे एकदा न सांगता खोलीत जाऊन पाहा. हवेची गादी घेतली म्हणून कूस बदलणे थांबवता येत नाही, हे शिकल्यासवरलेल्या घरांतही मला पुन्हा पुन्हा सांगावे लागले आहे.

आणि एक प्रश्न मावशीलाच विचारा: पैसे वेळेवर मिळतात का, आणि महिन्यात सुट्ट्या किती? सलग वीस दिवस चोवीस तासांची ड्यूटी करणारी बाई रात्री तीन वाजता कूस बदलायला उठणार नाही, आणि त्यासाठी मी तिला दोष देणार नाही.

निवडुंग (नाशिक)

कडुलिंब यांचे म्हणणे मला मान्य आहे. परवान्याबद्दल मात्र मला भीती वाटते. कागदपत्रांसाठी वेगळा माणूस ठेवणे मोठ्या कंपन्यांना परवडेल. माझ्यासारखे तालुक्याच्या गावातून बायका आणून त्यांना काम देणारे बंद पडतील, आणि त्याच बायका मग कोणाचीही जबाबदारी नसताना परस्पर घरोघरी जातील. नोंदणी जरूर असावी, पण पाच-दहा माणसांच्या ब्युरोला झेपेल अशी असावी.

ओसरी (पुणे)

निवडुंग यांचा पहिला प्रतिसाद वाचून एक गोष्ट कबूल करावीशी वाटते. दुसऱ्या ब्युरोला पहिला फोन मीच केला होता, आणि दर कमी लागावा म्हणून ‘बाबा आधाराने थोडे चालतात’ असे सांगितले होते. ते चालत नव्हते. बदलीवर आलेल्या मुलीला तेच सांगून पाठवले असेल, तर त्या जखमेत माझाही वाटा आहे.

निवडुंग यांचा २०० रुपयांचा हिशेब पाहता, बदलीच्या वेळी दोघी एकत्र थांबण्याच्या तासांचे पैसे कुटुंबाने द्यावेत, असेही मला आता वाटते आणि मी ते देईन. सुपरवायझरने न सांगता येऊन पाठ पाहण्याची अट मात्र मी सोडणार नाही.

निवडुंग (नाशिक)

पैसे मिळणार असतील तर बदलीच्या वेळी दोन तास दोघींना एकत्र ठेवणे मी पुढच्या महिन्यापासून सुरू करतो. पाठ पाहण्यात एक अडचण आहे. माझ्याकडचे निम्म्याहून अधिक रुग्ण आजी आहेत आणि माझा सुपरवायझर पुरुष आहे. त्या कामासाठी मला एखादी निवृत्त सिस्टर शोधावी लागेल. कडुलिंब, आपल्या ओळखीत नाशिकमध्ये कोणी असेल तर कृपया कळवावे.