नानांच्या ऑपरेशनला इंग्रजीत क्रियापद कोणतं?

प्रश्न (इंदूर):
माझे सासरे, नाना, वय 74. थंडीत रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खायला गेले आणि ओल्या फरशीवर घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता क्लेमचं इंग्रजी पत्र माझ्या माथी. मी लिहिलं, 'ही सफर्ड अ‍ॅन ऑपरेशन'. सहावीतला मुलगा फिसकन हसला. अहो, पण 'सफर' म्हणजे सोसणं ना? नानांनी सोसलंच की! मग 'अंडरगो', 'सस्टेन', 'एन्ड्युअर' यांतलं कुठे काय घालू?

उत्तर (बडोदा, निवृत्त शिक्षक):
ताई, घोळ मराठीतून येतो. आपण म्हणतो 'नानांचं ऑपरेशन झालं'. नाना त्यात कर्ता नाहीतच. इंग्रजीला मात्र कर्त्याच्या जागी नानाच हवेत, आणि 'ही डिड अ‍ॅन ऑपरेशन' लिहिलंत तर ते सर्जन होतील!
'सफर'पुढे वाईट गोष्ट येते: दुखापत, नुकसान, झटका. ऑपरेशन कितीही दुखलं तरी तो इलाज, म्हणून 'ही अंडरवेंट सर्जरी'. तपासण्या, उपचार, ट्रेनिंगसुद्धा 'अंडरगो'च. हाडासाठी 'ही सस्टेन्ड अ फ्रॅक्चर' लिहा. 'सफर्ड'ही चुकीचं नाही, पण कागदोपत्री 'सस्टेन्ड' शोभतं. बोलताना मात्र सरळ 'ही ब्रोक हिज हिप'.

प्रश्नकर्ती:
काका, आणि शुगर? मी लिहिलंय 'ही सफर्ड फ्रॉम डायबेटीस'.

उत्तर (बडोदा):
शुगर अजून आहे ना? 'सफर्ड'ने ती बरी झाल्यासारखी वाटते. 'ही हॅज डायबेटीस' पुरे.
'एन्ड्युअर' म्हणजे दिवसेंदिवस नेटाने सोसणं. ते नातेवाइकांच्या पत्रात घाला, क्लेमवाल्यांना त्याचं काय!

उत्तर (इंदूर):
वहिनी, खर्चाचं वाक्य राहिलं. 'द एक्स्पेन्सेस वेअर बोर्न बाय अस'. हे 'बेअर'चं रूप, म्हणून 'बोर्न'च्या शेवटी ई हवाच. माझ्या अर्जात तो राहिला होता, खर्च आमच्या घरी जन्माला आला.

प्रश्नकर्ती:
ई घातला. पत्र नानांना वाचून दाखवलं. क्रियापदांबद्दल चकार शब्द नाही, म्हणे, 'गराडू काढ, नुसतं बाजारात लिही.'