शुक्राणूंची कुस्ती, पण पंच कोण?

टाचणी_पाषाण
पाषाण तलावाकाठी मादी टाचणी (चतुरासारखा बारीक कीटक) अंडी घालते, तेव्हा नर तिची मान पकडून बसलेला असतो. बघणाऱ्याला ते प्रेम वाटतं. खरं तर ती राखण आहे. मीलन झालं तरी नरांची चढाओढ मादीच्या पोटात चालूच राहते, हे जीवशास्त्रज्ञ पार्कर यांनी १९७० मध्ये मांडलं. १९७९ मध्ये दुसरे संशोधक वाग यांनी एका अमेरिकी टाचणीत दाखवलं, की नर आधीच्याचे ८८ ते १०० टक्के शुक्राणू खरवडून काढतो आणि मगच आपले सोडतो. लैंगिक निवड, म्हणजे जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीतून घडणारी उत्क्रांती, शिकवताना आपण मोराच्या पिसाऱ्यावरच थांबतो. निम्मा खेळ तर पुढे आहे.

रानकोंबडी
खेळ नरांचा आणि मादी नुसता आखाडा? मोकाट कोंबड्या उतरंडीत खालच्या असलेल्या कोंबड्याचं वीर्य बाहेर टाकतात. ड्रोसोफिला बायफर्का या इवल्याशा माशीचा शुक्राणू ५८ मिमी लांब! का? मादीची शुक्राणू साठवायची नळी त्याहूनही लांब आहे म्हणून. नियम तीच ठरवते.

शेणमाशी
दोघेही निकाल सांगताय, मोजणी कोणी सांगत नाही. जुनी रीत अशी: एका नराला किरणोत्सर्ग द्यायचा. त्याचे शुक्राणू अंडं फळवतात, पण भ्रूण मरतो. मादीचं एका पाठोपाठ दोन नरांशी मीलन लावायचं आणि किती अंडी उबली ते मोजायचं. गफलत इथेच होते. किरण दिलेले शुक्राणू मुळात कमजोर असू शकतात, म्हणून क्रम उलटवूनही प्रयोग हवा. शिवाय काही अंडी एरवीही उबत नाहीत. दोन्ही नर साधे आणि दोन्ही किरण दिलेले, अशा दोन तुलना नसतील तर आकडा फुकट. पिवळ्या शेणमाशीत फळलेल्या अंड्यांत दुसऱ्या नराचा वाटा साधारण ८० टक्के येतो, पण ती सरासरी. एकेका मादीगणिक तो बराच हलतो.

टाचणी_पाषाण
मान्य. पण हा आकडा मादीने निवडलं की नराने ढकललं, हे सांगतच नाही. मग ‘नियम तीच ठरवते’ कशावरून?

रानकोंबडी
त्यासाठी नर तेच ठेवून माद्या बदलायच्या. निकाल मादीप्रमाणे फिरला तर तिचा हात आहे. तरी निवडच सिद्ध होत नाही, एवढं कबूल.

शेणमाशी
वानरांत बघा. चिंपांझीची वृषणं मिळून सुमारे १२० ग्रॅम, तिप्पट वजनाच्या गोरिलाची जेमतेम ३०. चिंपांझीची मादी अनेक नरांशी जुगते, गोरिलाच्या कळपात बहुधा एकाचीच सत्ता. चढाओढ जास्त, तिथे शुक्राणू जास्त लागतात आणि वृषणं मोठी. इथे मादीची छुपी निवड (मीलनानंतर कोणाचे शुक्राणू वापरायचे ते तिने ठरवणं) न आणताही हिशेब लागतो.

रानकोंबडी
अनेक नरांशी जुगायचं ठरवतं कोण, साहेब?